एमएच-०४ ची ऑम्नी आणि मुंबईचा रस्ता: मुलुंड-ठाणे हद्दीवरच्या तीन खटारा गाड्यांचं प्रकरण

मुलुंड संपून ठाणे नक्की कुठे सुरू होतं हे तिथं जन्म गेलेल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. हरिओम नगरचंच घ्या, मुंबई महापालिकेत आहे पण आनंदनगर टोलनाक्याच्या ठाण्याकडच्या बाजूला, आणि त्या टोलवरून तिथले लोक कित्येक वर्षं भांडत होते, शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल गेला. हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका रस्त्याचं आहे. रस्त्याचं आणि सोसायटीचं नाव देत नाही कारण माणसं ओळखीची आहेत. माझी मावशी तिथं राहते, सोसायटीच्या कमिटीला कागदपत्रं बघायला कुणीतरी हवं होतं म्हणून तिनं मला बोलावलं आणि मी त्यात पडलो.

रस्ता अरुंद, एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला गाळे आणि एक गॅरेज. रस्ता जिथं वळतो तिथं कुठेतरी मुंबई संपते आणि ठाणे सुरू होतं. तेवढ्या टप्प्यात तीन गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. सोसायटीच्या गेटच्या बाजूला पांढरी ऑम्नी, वळणाच्या पलीकडे गॅरेजसमोर एक छोटा हत्ती टेम्पो, आणि सोसायटीच्या कंपाउंडमध्ये व्हिजिटर पार्किंगला निळी सँट्रो. लोकांना तिन्ही गाड्या सारख्याच दिसत होत्या, खटारा म्हणजे खटारा, उचला आणि न्या. पण कायद्याच्या हिशेबानं ती तीन वेगळी प्रकरणं होती आणि हे लक्षात यायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

आधी ऑम्नी, कारण खरा त्रास तिचाच होता. मागच्या डाव्या चाकाचा टायर रिमवरून उतरून डांबरात रुतलेला, वायपरच्या खाचेत पिंपळाचं रोप चांगलं वीतभर वाढलेलं, सरकत्या दाराची काच फुटलेली आणि त्या भगदाडातून लोकांनी आत जे मिळेल ते टाकलेलं, जुने टायर, थर्माकोल, रंगाचे रिकामे डबे. पावसाळ्यात त्या टायरांत आणि डब्यांत पाणी साठायचं. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तळमजल्यावरच्या एका मुलाला डेंग्यू झाला, डास तिथलाच होता हे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण त्यानंतर कमिटीवर प्रेशर आलं आणि ‘बघू नंतर’ बंद झालं.

सेक्रेटरी काकांनी कम्प्लेंट केली ती ठाणे महापालिकेला. का? कारण गाडीचा नंबर एमएच-०४, म्हणजे ठाण्याची गाडी! शिवाय तो रस्ता ठाण्याचा आहे असं सगळेच म्हणत होते. उत्तर आलं की ही जागा आमच्या हद्दीत येत नाही. आणि ते उत्तर बरोबर होतं, त्यात ऑफिसची काही चूक नाही. गाडीच्या नंबरावरून फक्त ती कुठल्या आरटीओला रजिस्टर झाली एवढं कळतं, एमएच-०४ ठाणे, एमएच-०३ मुंबई पूर्व, बस. उचलायची जबाबदारी कुणाची हे चाक कुठल्या रस्त्यावर टेकलंय त्यावर ठरतं. नागपूर पासिंगची गाडी मुलुंडच्या रस्त्यावर सडत असेल तर ती मुंबई महापालिकेनंच उचलायची. हे वाचून उघड वाटेल पण हद्दीवरच्या सोसायट्यांमध्ये हीच चूक मी परत परत बघितलीय, अर्ज एका शहराला आणि गाडी दुसऱ्या शहरात, आणि मग ‘कोणी ऐकतच नाही’ म्हणून सगळे थकून गप्प बसतात.

मग रस्ता कुणाचा हे शोधायचं कसं? काहींनी लाइट बिल काढलं, ते इथं कामाचं नाही, कारण मुलुंडला वीज महावितरणचीच आणि ठाण्यालाही महावितरणचीच. पिनकोडवरही भरोसा ठेवू नका, पोस्टाची हद्द आणि महापालिकेची हद्द एकच असेल असं काही नसतं. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल चांगला पुरावा आहे पण तो बिल्डिंगचा, समोरच्या रस्त्याचा नाही. आम्ही शेवटी दोन गोष्टी केल्या. मुंबईचा विकास आराखडा २०३४, जो ऑनलाइन बघायला मिळतो, त्यात त्या रस्त्याची रेघ आणि शहराची हद्द बघितली. आणि पावसाळ्याआधी त्या गटाराचा गाळ कुठल्या महापालिकेची माणसं काढतात ते वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, “गेटपासून वळणापर्यंत मुंबईवाले, पुढं ठाणेवाले.” नकाशाही तेच सांगत होता. म्हणजे ऑम्नी मुंबईत, टेम्पो ठाण्यात.

आता इथं कायदा थोडा समजून घ्यावा लागतो, कारण दोन शहरांतला फरक इथं आहे. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर. ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड वगैरे चालतात १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर, जुने लोक त्याला बीपीएमसी अ‍ॅक्ट म्हणतात. दोन्हीत रस्त्यावर वस्तू टाकून अडथळा करायला बंदी आहे आणि दोन्हीत ती वस्तू नोटीस न देताही हटवायचा अधिकार आयुक्तांना आहे, फक्त कलमं वेगळी. मुंबईत ३१४, बाकीच्यांत २३१. म्हणजे मुंबईच्या वॉर्ड ऑफिसला २३१ टाकून अर्ज दिला तर तो अर्ज त्यांच्या कामाचा नाही. ऑफिसची रचनाही वेगळी, मुंबईत वॉर्ड, मुलुंड म्हणजे टी विभाग, आणि ठाण्यात प्रभाग समित्या, या बाजूला नौपाडा-कोपरी. पोलीसही वेगळे, मुंबई आयुक्तालय आणि ठाणे आयुक्तालय.

या सगळ्याच्या वर दोन्ही शहरांना सारखा लागू असलेला एक कायदा आहे, मोटार वाहन कायदा १९८८. त्याचं कलम १२७ प्रत्येकानं एकदा तरी वाचावं. सार्वजनिक जागी गाडी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडली असेल तर त्या हद्दीतला वर्दीतला पोलीस अधिकारी ती टो करायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. मोडकी, जळालेली किंवा पार्ट काढलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल तर लगेच हटवता येते, १० तासही थांबायचं कारण नाही. आणि टोइंगचा खर्च मालकाचा. हे पोलिसांचं हत्यार आहे, महापालिकेचं वेगळं. लोक या दोन्हीची भेळ करतात. माझं मत असं की तक्रार दोघांकडे एकाच दिवशी द्यावी आणि प्रत्येकाच्या कागदावर दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहावं, म्हणजे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसत नाही.

बेवारस गाडी हा विषय मुंबईत फक्त कचऱ्याचा नाही हेही सांगतो. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत गाड्यांमध्ये आरडीएक्स भरलं होतं, २५ ऑगस्ट २००३ ला गेटवे आणि झवेरी बाजारला टॅक्सीतले बॉम्ब फुटले. इतकं सगळं बघितलेल्या शहरात कुणाची ते माहीत नाही अशी गाडी गेटसमोर वर्षानुवर्षं उभी राहते आणि आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं, हे मला खरंच भीतीदायक वाटतं.

तर ऑम्नीचा नवा अर्ज टी विभागाला गेला. अर्जात काय लिहिलं ते सांगतो कारण तेच उपयोगी आहे. गाडीचा रंग, मॉडेल, मागच्या प्लेटवरचा नंबर (पुढची प्लेट गायब होती), नेमकी जागा म्हणजे अमुक गेटच्या डाव्या बाजूला दिव्याच्या खांबाजवळ, मोबाईलवरचं लोकेशन, चारही बाजूंचे फोटो, आणि एक फोटो असा ज्यात गाडी आणि सोसायटीची पाटी एकत्र दिसते. सोबत नकाशाचा तो तुकडा ज्यात हद्द दिसते. आणि टायरांत साठलेल्या पाण्याचा वेगळा फोटो काढून कीटकनाशक विभागाला वेगळा अर्ज, कारण डासांच्या पैदाशीसाठी मुंबईच्या कायद्यात ३८१ ब हे वेगळं कलम आहे आणि त्यावर ती मंडळी लवकर येतात. ते खरंच आधी आले, पाणी ओतून फवारणी करून गेले.

मग गाडीच्या काचेवर नोटीस लागली. मुंबईत अशी नोटीस दोन-तीन दिवसांच्या मुदतीची असते, तोवर मालकानं गाडी हलवायची, नाही हलवली तर महापालिका उचलून यार्डात नेते, तिथं साधारण महिनाभर मालकाची वाट बघतात, दंड आणि खर्च भरून तो सोडवू शकतो, नाहीतर लिलाव किंवा भंगार. मध्ये एक पायरी पोलिसांची असते, गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली तर नाही ना ते बघायचं. चेसिस नंबर मिळाला तर चोरीच्या गाड्यांच्या ‘वाहन समन्वय’ यादीत तो तपासता येतो. ऑम्नीचा चेसिस नंबर गंजाखाली होता, ब्रशनं घासून काढावा लागला. नोटिशीची मुदत संपली, कुणी आलं नाही, आणि क्रेनवाली गाडी येऊन तिला घेऊन गेली. रुतलेलं चाक निघताना डांबराचा तुकडाच वर आला. खाली उंदरांची बिळं होती.

गाडी गेली, सगळे खूश, पण मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्यानंतरचा वाटतो. आरटीओच्या रेकॉर्डवरून मालकाचा पत्ता निघाला आणि त्याला पत्र गेलं. तो माणूस धावत सोसायटीत आला, पन्नाशीचा, साधी नोकरी करणारा, घामाघूम. म्हणाला, “साहेब, ही गाडी मी कधीच विकली, माझ्याकडे पेपर आहे.” पेपर म्हणजे स्टँप पेपरवरची लिखापढी. घेणाऱ्यानं आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, नावावर केलीच नाही, त्यानं पुढं आणखी कुणाला दिली, आणि शेवटच्यानं ती बंद पडल्यावर जिथं होती तिथं सोडून दिली. कायद्याच्या नजरेत मालक अजून हाच. मोटार वाहन कायद्यात मालकाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावावर रजिस्टर तो मालक, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हेच ठामपणे सांगितलं, नुसती गाडी हातातून गेली म्हणून जबाबदारी जात नाही. ती केस अपघाताच्या भरपाईची होती, म्हणजे विचार करा, या ऑम्नीनं मधल्या वर्षांत कुणाला उडवलं असतं तर हा माणूस कुठे असता!

विकताना फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या करून पुढचं घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. नंतर परिवहनच्या साइटवर आपला नंबर टाकून बघा, नाव बदललं की नाही. त्या माणसाकडे पैसे नव्हते, गाडी सोडवून करायचं काय हाही प्रश्न होता, त्यानं गाडी सोडून देत असल्याचं लिहून दिलं. सोसायटीतले काही लोक त्याच्यावर तापले होते, मला त्याची दया आली. बेवारस गाड्यांमागं जी माणसं निघतात त्यातली बरीचशी अशीच कागद अर्धवट राहिलेली असतात.

टेम्पोची गोष्ट वेगळ्या वळणाची. त्याची चाकं फिरत होती, इंजिन नव्हतं. इंजिन गॅरेजमध्ये कधीपासून खोलून ठेवलेलं. टेम्पो ठाण्याच्या हद्दीत, म्हणून प्रभाग समितीकडे २३०-२३१ कलमांचा अर्ज. नोटीस लागली की दुसऱ्या दिवशी टेम्पो वळणाच्या अलीकडे. म्हणजे मुंबईत! गॅरेजवाला आणि दोन पोरं रात्री धक्का मारून त्याला हद्दीपलीकडे आणून लावायची, ठाण्याची माणसं येऊन बघतात तर जागा रिकामी, त्यांच्या दृष्टीनं तक्रार मिटली. मुंबईला कळवलं की टेम्पो परत ठाण्यात. हे मुद्दाम चाललंय हे समजायला कुणी शहाणा लागत नाही पण कागदावर दोन्ही शहरांत ‘वाहन आढळले नाही’ असंच येणार. मावशी रागानं म्हणाली, “मग आता काय रात्रभर पहारा द्यायचा का?”

उपाय असा सापडला की एकच अर्ज दोन्ही महापालिकांना आणि दोन्हीकडच्या वाहतूक पोलिसांना, त्यात टेम्पोचे दोन्ही ठिकाणचे तारीख-वेळेसकट फोटो शेजारी शेजारी लावले आणि नोटीस चिकटवलेली काच दोन्ही फोटोंत दिसेल असं बघितलं. म्हणजे एका शहराची नोटीस लावलेली गाडी दुसऱ्या शहरात उभी आहे हे एका पानावर सिद्ध. शिवाय मुद्दा बदलला, बेवारस गाडी एवढंच न म्हणता रस्त्यावर गॅरेजचं काम चालतं असं लिहिलं. रस्ता अडवणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ चा दंडही आहे, ५०० रुपयांपर्यंत, ती रक्कम फार नाही, पण वाहतूक पोलीस स्वतः येऊन उभे राहिले की गोष्ट बदलते. गॅरेजवाल्यानं मग टेम्पोच्या मालकाला बोलावून घेतलं. टेम्पोवर फायनान्स कंपनीचा बोजा होता, हप्ते थकलेले, म्हणून मालक तो ना विकू शकत होता ना भंगारात देऊ शकत होता. शेवटी तडजोड होऊन कंपनीनंच तो नेला.

माझं स्पष्ट म्हणणं आहे की शेजारच्या दोन महापालिकांनी हद्दीवरच्या रस्त्यांची एक सामायिक यादी ठेवावी आणि एका शहराची नोटीस दुसऱ्या शहरात पहिलीच धरली जावी, मुदत पुन्हा शून्यापासून मोजू नये. याला नवा कायदा लागत नाही, दोन आयुक्तांनी बसून ठरवलं तरी पुरे. यार्डासाठी जागा दोघांकडेही कमी आहे, ती पण मिळून शोधता येईल.

कमिटीतल्या एका भाऊंनी विचारलं की पोलीस स्टेशनबाहेर एवढ्या गाड्या गंजत पडल्यात त्या आधी उचला ना. त्या मुद्देमालाच्या असतात, केसमधल्या, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय त्यांना हात लावता येत नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अशा गाड्या स्टेशनबाहेर सडत ठेवू नका, फोटो-पंचनामा करून बाँडवर परत द्या किंवा विका. तुमची स्वतःची गाडी अशी अडकली असेल तर कोर्टात लगेच अर्ज करा, वाट बघू नका.

राहिली सँट्रो. ही कंपाउंडमध्ये होती म्हणून ना १२७ सरळ लागू, ना ३१४. १२७ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ म्हटलंय, जिथं लोकांना जायचा हक्क आहे अशी. सोसायटीचं कंपाउंड तसं धरता येत नाही, त्यामुळे महापालिका आत येऊन गाडी उचलणार नाही आणि सोसायटीनं स्वतःहून ढकलून रस्त्यावर आणली तर अडथळा करणारे आपणच ठरतो. एकानं हे खरोखर सुचवलं होतं, मी स्पष्ट नाही म्हटलं. सोसायटीकडे रस्ता एकच, जनरल बॉडीचा ठराव, पार्किंगचे नियम, चार्जेस, लेखी नोटीस.

पण इथं नोटीस द्यायची कुणाला? गाडी ज्या काकांची ते वारलेले, काकू एकट्या, मुलगा न्यू जर्सीला. काकू म्हणायच्या, यांची शेवटची गाडी आहे, राहू दे. तिथं कलम दाखवून चालत नाही. मावशी आणि मी त्यांच्याकडे बसलो, चहा झाला, मुलाशी व्हिडिओ कॉल लावला. त्याला सांगितलं की मालक गेल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते, ते राहिलंय, रजिस्ट्रेशनची १५ वर्षंही संपलीत, आणि गाडी आता चालण्यासारखी नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रजिस्ट्रेशन रद्द करणं हेच बरोबर. साध्या भंगारवाल्याला देऊ नका म्हणून सांगितलं, कारण नंबर आणि चेसिस जिवंत राहिले तर उद्या दुसऱ्याच गाडीवर ती प्लेट फिरेल. २०२१ च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटर असतात, ते गाडी घेतल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्यावर नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत मिळू शकते.

मुलानं आईच्या नावे लिहून पाठवलं, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडले, आणि सेंटरची गाडी येऊन सँट्रो घेऊन गेली. काकूंनी स्टिअरिंगवरचं गणपतीचं स्टिकर आधी काढून घेतलं होतं. रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचा कागद त्यांनी काकांच्या बाकीच्या फाइलमध्ये लावलाय, आणि सोसायटीनं एजीएममध्ये ठराव केलाय की कंपाउंडमध्ये सलग सहा महिने न हललेल्या गाडीच्या मालकाला किंवा वारसाला कमिटीनं आधी घरी जाऊन भेटायचं, मगच पत्र द्यायचं. व्हिजिटर पार्किंगचा तो स्लॉट सध्या अँब्युलन्स आणि पाण्याच्या टँकरसाठी मोकळा ठेवलाय.